औषध रेणूचे, कस आवरणाचा

पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर पोवोआ दे वार्झिम हे कोळ्यांचे जुने गाव आहे. १९३९ साली तिथली ३७ वर्षांची एक बाई पोर्तो शहरातले मज्जाविकारतज्ज्ञ कोरिनो दे आंद्रादे यांच्याकडे आली. तिच्या पायांतली ताकद जात होती. त्याहून विचित्र म्हणजे गरम-गार, दुखले-खुपले यांतले फारसे काही तिच्या पायांना कळत नव्हते. किनाऱ्यावरच्या लोकांना या दुखण्याचे नवल नव्हते. ‘पावलांचा आजार’ म्हणून ते घराघरांत ठाऊक होते आणि एकदा जडले की दहा-बारा वर्षांत माणूस हातचा जातो, हेही ठाऊक होते. आंद्रादे यांनी पुढची कित्येक वर्षे अशा कुटुंबांचा माग काढला आणि १९५२ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला.

या आजाराचे मूळ आता नेमके माहीत आहे. ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन यकृतात तयार होते आणि रक्तातून अ जीवनसत्त्व वाहून नेण्याच्या कामी येते. त्याच्या जनुकातले एखादे अक्षर बदलले की प्रथिनाची घडी बिघडते, त्याचे तंतू होतात आणि ते मज्जातंतूंत, हृदयाच्या स्नायूंत साचत जातात. उत्तर स्वीडनमध्ये आणि जपानमध्येही अशी कुटुंबे आहेत. १९९०पासून यावर एकच मोठा इलाज होता. बिघडलेले प्रथिन बनवणारे यकृतच काढायचे आणि दुसरे बसवायचे.

१० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅटिसिरान या औषधाला मान्यता दिली आणि चित्र पालटले. १९ देशांतल्या २२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या औषधाने रक्तातले ट्रान्सथायरेटिन सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास खाली आणले. दीड वर्षानंतर औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के रुग्णांचे मज्जातंतू सुरुवातीपेक्षा बरे काम करत होते. नुसते सलाइन मिळालेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. जो आजार फक्त वाढतच जातो अशी वैद्यकाची समजूत होती, तो निम्म्याहून अधिक रुग्णांत थांबला किंवा मागे फिरला.

या यशाचे श्रेय कुणाला, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. बातम्यांमध्ये श्रेय मिळाले ते जनुक गप्प करणाऱ्या आरएनएला, आणि ते रास्तच होते. पण तो आरएनए कसा बनवायचा हे २००१पासून जगाला माहीत होते. मधली सतरा वर्षे गेली ती त्याला पेशीच्या आत सुखरूप पोहोचवणारे आवरण शोधण्यात. औषधनिर्मितीत जगभर नाव कमावलेल्या भारताने, त्यातही मुंबई-पुण्याच्या औषध उद्योगाने, या कथेतून घ्यायचा तो धडा नेमका हाच आहे. येत्या काळात औषधाचा कस लागणार आहे तो आवरणात, आणि ही विद्या हाताशी नसेल तर जेनेरिक औषधांचा जगातला मोठा पुरवठादार असणेही कामाला येणार नाही.

मूळ शोध समजायला सोपा आहे. पेशीच्या केंद्रकातल्या जनुकाची एक नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर येते आणि तिच्या बरहुकूम प्रथिन तयार होते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८मध्ये दाखवले की दोन पदरी आरएनए पेशीत सोडला, तर त्याच्याशी जुळणारा संदेश पेशी स्वतःच कापून टाकते. त्यांनी हे पाहिले ते एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत. अवघ्या आठ वर्षांत, २००६ साली, दोघांना नोबेल मिळाले. मधल्या काळात थॉमस टुशल यांच्या गटाने माणसाच्या पेशीतही हे घडते, त्यासाठी जेमतेम २१ अक्षरांचा तुकडा पुरतो, हे दाखवून दिले होते. जनुक तसेच राहते, त्याला कात्री लागत नाही. फक्त त्याचा आवाज काही आठवडे बंद होतो. हानिकारक प्रथिनांमुळे होणारे किती आजार असे आटोक्यात येतील, याची गणिते लगेच मांडली गेली आणि कंपन्यांनी थैल्या मोकळ्या केल्या. मर्कने २००६मध्ये सर्ना ही कंपनी १.१ अब्ज डॉलरना विकत घेतली.

घोडे पेंड खात होते ते वेगळ्याच ठिकाणी. हा २१ अक्षरांचा तुकडा उघडाच शिरेत टोचला तर रक्तातली विकरे त्याचे तुकडे करतात आणि उरलेले काही मिनिटांत मूत्रपिंडांतून गाळून बाहेर पडते. जे थोडे पेशीपर्यंत पोहोचते, तेही बाहेरच अडते. आरएनएवर ऋण भार आणि पेशीच्या पटलावरही ऋण भार, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर ढकलतात. शिवाय, बाहेरून आलेला दोन पदरी आरएनए म्हणजे विषाणूच असणार, असे शरीराची संरक्षण यंत्रणा धरून चालते आणि दाह सुरू करते.

डोळ्यांच्या बाबतीत तर फारच मोठी फसगत झाली. वृद्धांच्या दृष्टिपटलात नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या रोखण्यासाठी उघडा आरएनए थेट डोळ्यात टोचण्याच्या चाचण्या पुढच्या टप्प्यांत गेल्या होत्या. २००८मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले की प्राण्यांमध्ये दिसलेला गुण जनुक गप्प झाल्यामुळे नव्हताच. पेशीबाहेरच्या एका संवेदकाला आरएनए चिकटत होता आणि त्याच्या प्रतिक्रियेने रक्तवाहिन्यांची वाढ खुंटत होती. कुठलाही अर्थहीन क्रम दिला तरी तेच घडत होते. पुढच्याच वर्षी यांपैकी बेव्हासिरानिब या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी थांबली. २०१०मध्ये रोशने या क्षेत्रातून अंग काढून घेतले. मर्कने १.१ अब्जांना घेतलेली सर्ना २०१४मध्ये १७.५ कोटी डॉलरना अल्नायलमला विकून टाकली. अल्नायलम ही केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सची तुलनेने छोटी कंपनी. ती तग धरून राहिली, कारण तिने आवरणावर पैसा आणि माणसे लावली होती.

ही माणसे मुख्यतः कॅनडातल्या व्हँकूव्हरची. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले पीटर कलिस हे मूळचे भौतिकशास्त्राचे. पेशीच्या पटलात इतक्या प्रकारची लिपिडे, म्हणजे मेद, कशासाठी असतात, या प्रश्नामागे लागून त्यांनी कित्येक दशके घालवली. त्या अभ्यासातून आणि अल्नायलमच्या रसायनतज्ज्ञांच्या सोबतीने शेकडो रेणू तपासून जे हाती आले, ते पॅटिसिरानचे आवरण. ते जवळून पाहण्याजोगे आहे.

आरएनएभोवती हे आवरण बसले की होणाऱ्या कणाचा व्यास शंभर नॅनोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. त्यात चार घटक असतात. कोलेस्टेरॉल आणि एक फॉस्फोलिपिड मिळून कणाला बांधणी देतात. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, या पाण्यात रमणाऱ्या साखळ्यांचा लेप असतो. त्याच्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि रक्तातली प्रथिने त्यांच्यावर लगेच तुटून पडत नाहीत. चौथा घटक सर्वांत महत्त्वाचा, ज्याचा विद्युतभार आम्लतेप्रमाणे बदलतो असा मेद. आम्लात तो धन भाराचा होतो आणि आरएनएला घट्ट धरतो. रक्तात तो जवळजवळ उदासीन असतो, म्हणून पेशींना अपाय करत नाही.

कण शिरेत गेला की पेगचा लेप हळूहळू सुटू लागतो. हे मुद्दाम तसे केलेले असते. त्याच्या साखळीचे मेदातले मूळ आखूड ठेवले जाते, म्हणजे ती फार काळ चिकटून राहात नाही. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर रक्तातले एपोलिपोप्रोटीन ई बसते. यकृताच्या पेशी हे प्रथिन ओळखतात, कारण आहारातला मेद आत घेण्याची त्यांची नेहमीची पद्धत तीच. त्या कण आत ओढून घेतात, एका पटलाच्या पिशवीत. पिशवी आत सरकते तशी आम्ल होत जाते, मेदाचा भार बदलतो, तो पिशवीच्या भिंतीत मिसळतो आणि भिंत फाटते. आरएनए पेशीद्रवात येतो.

सगळा येतो असे मात्र नाही. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१३मध्ये सोन्याचे सूक्ष्म कण आरएनएला जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजदाद केली. शंभरातला एखादा-दुसराच रेणू पिशवीतून सुटत होता. बाकीचे आतच पचून जात होते. एवढ्यावर औषध चालते, कारण सुटलेला एक रेणू पेशीच्या यंत्रणेत बसला की एकामागून एक संदेश कापत राहतो आणि हे काम काही आठवडे चालते. पण शंभरातले अठ्ठ्याण्णव वाया जात असतील, तर मात्रा वाढते, खर्च वाढतो आणि दुष्परिणामही वाढतात. ही गळती निम्मी करणारा माणूस या क्षेत्राची दिशाच बदलेल. इतके मोठे काम समोर असताना आपल्याकडे त्यावर फारसे बोललेही जात नाही.

रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हे औषध सोपे नाही. दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात जायचे. तासभर आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जी रोखणारी दोन प्रकारची औषधे घ्यायची, कारण नॅनोकणांमुळे अंगावर पित्त उठणे, पाठ दुखणे, चेहरा लाल होणे असे प्रकार होतात. मग ८० मिनिटे सलाइन. ट्रान्सथायरेटिन घटले की अ जीवनसत्त्वही घटते, म्हणून त्याची गोळी रोज. हे सारे आयुष्यभर. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत होती वर्षाला ४,५०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानेही तीन कोटी रुपयांच्या वर.

आपल्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाप्रमाणे मुंबईच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांतून रुग्णाला जास्तीत जास्त ५० लाख रुपयांची मदत मिळू शकते. पॅटिसिरानचा दोन महिन्यांचाही खर्च त्यातून निघत नाही. धोरण वाईट आहे असे नव्हे. पण कोट्यवधींच्या आयात औषधांमागे सरकारी तिजोरी धावत राहील आणि मागेच पडेल, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

यावर आपल्याकडचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. पेटंट संपू द्या, किंवा न्यायालयात लढू द्या, मग आपल्या कंपन्या तेच औषध दहाव्या हिश्श्यात देतील. गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपातल्या छोट्या रेणूंच्या बाबतीत हे खरेच घडते. मेरुरज्जूच्या स्नायूशोषावरचे रिस्डिप्लाम घ्या. सहा लाखांच्या घरातली बाटली, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर हैदराबादच्या नॅटकोने १५,९०० रुपयांना आणली. या निकालाने कित्येक आईबापांना श्वास घेता आला. पण रिस्डिप्लाम हा एक साधा रेणू आहे. त्याची रचना कागदावर काढता येते आणि तीच रचना बनवली की औषध तेच होते.

नॅनोकणाचे तसे नाही. घटकांची यादी पेटंटमध्ये छापलेली असते, पण यादीवरून कण होत नाही. मेद अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, आरएनए आम्ल पाण्यात, आणि दोन धारा काही मिलिसेकंदांत एकमेकींत मिसळायच्या. कण आपोआप जुळतात. धारांचा वेग, नळीचा आकार, तापमान, नंतर अल्कोहोल किती लवकर काढले, यांपैकी काहीही बदलले की कणाचा आकार बदलतो, आतल्या आरएनएचे प्रमाण बदलते आणि तो यकृताऐवजी दुसरीकडेच जातो. साखर आणि पाणी तेच असले तरी पाक एकतारी होतो की दोनतारी, हे आचेवर आणि हातावर ठरते, तसे हे काम आहे. हा हात पेटंट वाचून येत नाही. तो करून करूनच बसतो.

म्हणूनच कंपन्या आवरणावर इतक्या हिरीरीने भांडतात. २०२२च्या मार्चमध्ये अल्नायलमने फायझर आणि मॉडर्ना या दोघांवर अमेरिकेत दावे लावले. वाद संदेशवाहक आरएनएचा नव्हता. कोविड लशींतल्या मेदांचा होता. त्याच सुमारास व्हँकूव्हरशी नाते असलेल्या आर्ब्युटस आणि जेनेव्हंट या कंपन्यांनीही मॉडर्नाला कोर्टात खेचले, तेही कणाच्या बांधणीवरून. कोट्यवधी लोकांच्या दंडात गेलेल्या त्या लशी पॅटिसिरानच्या आवरणाच्या भावकीतल्याच होत्या.

आवरण बदलले की तेच औषध कसे निराळे होते, याचा अनुभव महाराष्ट्राने २०२१च्या मे-जूनमध्ये घेतला. कोविडमधून उठलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस होऊ लागला. नाक, डोळा, जबडा पोखरणारी ही बुरशी. तिच्यावर ॲम्फोटेरिसिन बी हे जुने, स्वस्त औषध आहे, पण ते उघडे दिले तर मूत्रपिंडांवर बेतते. मेदाच्या कणात, म्हणजे लायपोसोममध्ये, गुंडाळले तर तेच औषध रुग्णाला पेलवते. नातेवाईक कागद हातात घेऊन या दुकानातून त्या दुकानात हिंडत होते ते या गुंडाळलेल्या औषधासाठी. कुप्यांचे वाटप केंद्र सरकारला स्वतःच्या हातात घ्यावे लागले. वर्ध्यासारख्या ठिकाणी इमल्शन प्रकारच्या इंजेक्शनांचे उत्पादन घाईघाईने सुरू झाले. तेव्हा टंचाई बुरशीनाशक रेणूपेक्षा अधिक होती ती आवरणाची. शुद्ध मेद बनवणारे कारखाने जगात मोजकेच. मुंबईतल्या व्हीएव्ही लाइफ सायन्सेससारख्या एखाद्या कंपनीचे नाव त्यामुळे एकदम लोकांच्या तोंडी आले.

वाईट याचे वाटते की या विद्येची सुरुवात आपल्याकडे फार आधी झाली होती. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लायपोसोममधले ॲम्फोटेरिसिन विकसित करून रुग्णांवर तपासले होते. परदेशी लायपोसोमच्या किमती भारतीय रुग्णाला झेपत नाहीत, हे वॉर्डात रोज दिसत होते आणि त्या निकडीतून ते काम उभे राहिले. सरकारी रुग्णालयातल्या औषधशास्त्र विभागाने असे औषध खाटेपर्यंत नेणे, हे त्या काळात सोपे नव्हते. आजही नाही. या कामाची आठवण वैद्यकीय वर्तुळाबाहेर किती जणांना आहे?

दुसरे उदाहरण उद्योगाचे. डॉक्सिल हे पेगचा लेप असलेले कर्करोगावरचे लायपोसोम औषध, १९९५मध्ये अमेरिकेत मान्य झालेले. ओहायोतला कारखाना बंद पडला आणि २०११मध्ये अमेरिकेतच त्याचा तुटवडा झाला. तेव्हा अमेरिकी प्रशासनाने २०१२च्या फेब्रुवारीत मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी सनच्या जेनेरिकला रीतसर मान्यताही दिली. लेप दिलेला कण अमेरिकेच्या कसोटीला उतरवून दाखवणे भारतीय कंपनीला जमले, हे कागदोपत्री सिद्ध आहे. तिसरे उदाहरण पुण्याचे. हिंजवडीच्या जिनोव्हाने संदेशवाहक आरएनएवरची देशातली पहिली लस बनवली. २०२२च्या जूनमध्ये तिला आपत्कालीन मान्यता मिळाली. ती उणे तापमानात ठेवावी लागत नव्हती. २ ते ८ अंशांवर, म्हणजे साध्या फ्रिजमध्ये, ती टिकत होती. हे शक्य झाले ते वाहकाच्या आणि सुकवण्याच्या तंत्रामुळे.

म्हणजे बियाणे आहे, जमीनही आहे. नाही ती सलग मशागत. आपल्या प्रयोगशाळांत नॅनोकण पुष्कळ बनतात. शोधनिबंध छापून येतात, उंदरातल्या गाठी लहान झालेल्या दिसतात, विद्यार्थ्याची पीएचडी होते आणि कण तिथेच थांबतो. उंदराला पुरेल इतका माल एका चंचुपात्रात होतो. माणसाला द्यायचा तर निर्जंतुक, एकसारखा, महिनोन्‌महिने टिकणारा माल लिटरांनी लागतो. तो करून देणारी आणि विद्यापीठाच्या गटाला परवडणारी जागा देशात सहज मिळत नाही. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत औषधवाहक कणांवर वर्षानुवर्षे काम चालू आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, हैदराबादच्या सीसीएमबीच्या अटल केंद्राने २०२२मध्ये स्वतःचे संदेशवाहक आरएनए तंत्र जाहीर केले. ही बेटे एकमेकांना जोडणारा पूल म्हणजे अशी सामाईक उत्पादन सुविधा. पुणे-मुंबई पट्ट्यात ती उभी राहणे सर्वांत सोयीचे, कारण मेद बनवणारे, कुप्या भरणारे आणि चाचण्या घेणारे सगळे इथे काही तासांच्या अंतरावर आहेत.

यावर एक रास्त आक्षेप येतो. यकृतासाठी आता नॅनोकणाची गरजच राहिलेली नाही. आरएनएला एक विशिष्ट शर्करा जोडली की यकृताच्या पेशी ती थेट आत घेतात, आवरण लागत नाही, सलाइन लागत नाही, कातडीखाली इंजेक्शन पुरते. कोलेस्टेरॉलवरचे इन्क्लिसिरान असेच आहे. सुरुवातीच्या मात्रांनंतर वर्षातून फक्त दोनदा. पॅटिसिरानची जागाही अल्नायलमच्याच व्हुट्रिसिरानने बहुतांशी घेतली. आक्षेप खरा आहे, पण तो यकृतापुरता. शर्करेची युक्ती २१ अक्षरांच्या तुकड्याला चालते. हजारो अक्षरांचा संदेशवाहक आरएनए किंवा जनुक दुरुस्त करणारी यंत्रणा न्यायची तर कण लागतोच. २०२५मध्ये फिलाडेल्फियात, यकृतातल्या जीवघेण्या दोषासह जन्मलेल्या एका बाळासाठी खास त्याच्यापुरते जनुक-दुरुस्तीचे औषध काही महिन्यांत तयार झाले. ते त्याच्या यकृतात पोहोचले मेदाच्या कणातूनच. आणि फुप्फुस, प्लीहा, मज्जा इथे जायचे तर शर्करेला तो रस्ता माहीत नाही. टेक्सासमधल्या डॅनियल सिगवर्ट यांच्या गटाने २०२०मध्ये दाखवले की चार घटकांत पाचवा मेद योग्य प्रमाणात घातला, तर तेच कण उंदरात फुप्फुसाकडे किंवा प्लीहेकडे वळतात. हे क्षेत्र अजून मोकळे आहे. उशीर झालेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. क्षयरोग आणि कुपोषण असलेल्या देशाने हे लाड का करावेत? लाड दुर्मीळ आजारांपुरतेच असते तरी त्या रुग्णांना जगायचा हक्क आहेच. पण हा विषय दुर्मीळ आजारांपुरता उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार भारतात हेपेटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख रुग्ण आहेत. आजच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात. बहुतेकांना त्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. विषाणूचेच संदेश कापणारे आरएनए जगात रुग्णांवर तपासले जात आहेत. रक्तदाबावर, आनुवंशिक कोलेस्टेरॉलवरही चाचण्या चालू आहेत. हे आजार आपल्या घराघरांत आहेत.

घाई करू नये, हेही तितकेच खरे. पेगविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, तेव्हा पुढच्या मात्रा वाया जाऊ शकतात किंवा अंगावर येऊ शकतात. ट्रान्सथायरेटिनचे जनुक कायमचे कापणाऱ्या एका क्रिस्पर औषधाची मोठी चाचणी २०२५च्या ऑक्टोबरमध्ये यकृतावरच्या गंभीर परिणामामुळे थांबवावी लागली. गप्प करणे आणि कापणे यांतला फरक अशा वेळी कळतो. गप्प केलेले जनुक औषध थांबवल्यावर पुन्हा बोलू लागते. सावधपणे पुढे जाणाऱ्या देशासाठी हा मार्ग म्हणूनच अधिक शहाणपणाचा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती चांगली सुरुवात होती. पण नॅनोकणाचे जेनेरिक मूळ औषधाशी कशा-कशात जुळले पाहिजे, कोणत्या चाचण्या लागतील आणि कोणत्या लागणार नाहीत, हे औषधागणिक स्पष्ट लिहून मिळाल्याशिवाय कुठलीही कंपनी यात शंभर-दोनशे कोटी घालायला धजणार नाही.

पैसा नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. २०२५च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवप्रवर्तनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. त्यातला एक लहानसा वाटा औषधवाहक कणांसाठी नावानिशी बाजूला काढावा. एक सामाईक उत्पादन सुविधा, शुद्ध मेद देशात बनवण्यासाठी मदत, आणि केईएम किंवा ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत पहिल्या टप्प्याच्या चाचण्या घेऊ शकणारे विभाग, अशी तीन कामे त्यातून व्हावीत. यकृतात छोट्या तुकड्याला शर्करा पुरत असली, तरी हात बसवायला पहिले लक्ष्य हेपेटायटिस बी असावे. रुग्ण भरपूर, ठिकाण यकृत, आणि यकृताकडे जाणारा रस्ता सर्वांत चांगला माहीत असलेला. जनतेच्या पैशातून जे आवरण तयार होईल, त्यातून आलेले औषध सरकारी रुग्णालयात कोणत्या किमतीला मिळेल, हे करारात आधीच लिहून घ्यावे, औषध बाजारात आल्यावर नव्हे.